धुराची वाट

शाहूपुरीच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडतांना कौलारू घरांच्या आढ्याकडे नजर टाकली, तर कांहीं घरांवर एक गोष्ट अजून दिसते. स्वयंपाकघराच्या वर छपराचा लहानसा भाग उचलून धरलेला असतो. त्याखालीं हवेस फट आणि वर पत्र्याची किंवा कौलांची टोपी. हेंच धुराडें. आतां तें बहुधा आंतून फळीनें बुजविलेलें असतें. चूल गेली, गॅस आला. धूर नाहीं, तर धुराडें कशाला, असा हिशेब घरोघर झाला. वरवर पाहतां हा हिशेब बिनतोड आहे. तो कोठें चुकला आणि त्या चुकीची किंमत कोणास मोजावी लागली, हें समजण्यासाठीं घरांतल्या अग्नीचा पूर्वेतिहास थोडासा चाळावा लागतो.

शाहूपुरी ही पेठ कोल्हापुरांतल्या इतर पेठांच्या मानानें तरुणच म्हणावयाची. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी १८९१ सालीं आली. श्रीशाहू छत्रपतींनीं १८९४ सालीं राज्यकारभाराचीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८९५ सालीं, स्टेशनाच्या बाजूस ही व्यापारी पेठ वसविली. गुळाच्या उलाढालीनें तिचें नांव दूरवर गेलें. म्हणजे ज्या मालावर ही पेठ मोठी झाली, तो माल मुळीं अग्नीच्याच घरचा. हंगामांत गुऱ्हाळावर गेलेल्या कोणीही चुलवाण पाहिलें असेल. जमिनींत खणलेली ती प्रचंड चूल, तिच्यावर रसानें भरलेली काहील, एका तोंडानें सारखें आंत जाणारें वाळलें चिपाड, आणि पाठीमागें उंच धुराडें. जाळ घालणारा गडी शाळेंत गेलेला असो वा नसो, अग्नीचें एक शास्त्र त्यास पक्कें ठाऊक असतें. धुराड्यांतून काळाकुट्ट लोट निघूं लागला कीं आंत चिपाड फार झालें आणि वारा कमी पडला, हें तो ओळखतो व हात आखडता घेतो. धूर विरळ झाला कीं जाळ चोख लागला. धुराडें हें त्याचें घड्याळ आणि धूर हा त्याचा कांटा.

घरांतली चूल ही या चुलवाणाची धाकटी बहीण. मातीची चूल, तिच्या कुशीस वैल, जळणास लांकूड, शेणी किंवा चिपाड. गुऱ्हाळावरचा धूर रानांत जाई. घरांतला धूर आधीं बाईच्या डोळ्यांत जाई, मग छातींत, आणि उरला तर धुराड्यांतून बाहेर. फुंकणीनें जाळ फुंकतां फुंकतां ज्यांचे डोळे अधू झाले आणि ज्यांस जन्माचा खोकला जडला, त्या बायकांची मोजदाद कोणत्याही बखरींत नाहीं. म्हणून चुलीच्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनीं तासभर ओल्या लांकडाच्या चुलीपुढें बसून पाहावें, हें बरें. वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास जी मगन चूल तयार झाली, ती याच दुःखावरचा इलाज होती. तिच्यांत नवें असें फार कांहीं नव्हतें. बंदिस्त चुलीस एक नळी जोडून धूर थेट छपराबाहेर काढला होता, एवढेंच. परंतु या एवढ्याशा गोष्टीस शेंकडों वर्षें थांबावें लागलें.

न्हाणीघराच्या बाबतींत मात्र महाराष्ट्रांतल्या कारागिरांनीं शहाणपणा आधींच दाखविला होता. तांब्याचा बंब ही वस्तु पुष्कळ घरांत अद्याप अडगळींत पडलेली आढळते, व कांहीं घरांत ती घांसूनपुसून दिवाणखान्यांत शोभेस मांडलेली असते. पाण्याच्या भांड्याच्या मधोमध आरपार नळी, तिच्या तळाशीं जाळी, जाळीवर निखारा, आणि वर नळीचें तोंड उघडें. खालून गार हवा आंत शिरते, जाळ पेटतो, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि जातांना भोंवतालच्या पाण्यास आपली ऊब देऊन जाते. हवा येण्याची वाट व धूर जाण्याची वाट या दोन्ही एकाच भांड्यांत इतक्या सोप्या रीतीनें बसविलेल्या क्वचितच पाहावयास मिळतील. शिवाय हा बंब अंगणांत, परसांत किंवा पडवींत ठेवीत. बंद न्हाणीघरांत तो पेटवून दार लावून घेण्याची चाल नव्हती. (पाणी तापविणारें भांडें आणि आग विझविणारी गाडी या दोहोंस मराठींत बंबच म्हणतात, हाही एक विनोदच.)

अग्नीचा खरा कपट आहे तो जाळांत नव्हे, शेगडींत. चूल धुमसूं लागली कीं माणूस खोकत बाहेर पळतो; कोळसा मात्र लाल होऊन निवांत फुलूं लागला कीं धूर दिसेनासा होतो, आणि खोलींत फक्त ऊब राहते. बाळंतिणीच्या खोलीची जुनी रीत आठवावी. दारें-खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, वारा लागेल म्हणून पडदा, आणि बाजेखालीं शेगडी. त्या खोलींत बाळंतिणीचें डोकें दुखूं लागलें, मळमळलें, शुद्ध हरपली, तर बाहेरची बाधा म्हणून मीठमोहऱ्या उतरीत. उतरलेल्या मोहऱ्याही त्याच शेगडींत पडत. असे किती जीव गेले असतील आणि ते कोणत्या नांवावर खर्चीं पडले असतील, याचा विचार केला तर अंगावर कांटा येतो.

ही बाधा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायू. जळणास पुरेशी हवा मिळाली नाहीं म्हणजे तें अर्धवट जळतें व हा वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, तो घशास झोंबतही नाहीं. रक्तांतला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. मग प्राणवायूस बसावयास जागाच उरत नाहीं. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार उकलून दाखविला. पुढें त्याच शतकाच्या अखेरीस स्कॉटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यानें, कोळशाच्या खाणींत उतरणाऱ्यांनीं बरोबर लहान पक्षी न्यावा, असें सुचविलें. कारण पक्षी माणसाच्या आधीं कोलमडतो. आपल्या बाळंतिणीच्या खोलींत अशा कामास पक्षी नव्हता, तान्हें मूल होतें.

युरोपांत थंडीमुळें हा प्रश्न अधिक निकडीचा होता, म्हणून तेथें त्यावर ग्रंथ झाले. काउंट रम्फर्ड यानें १७९६ सालीं भिंतींतल्या शेकोटीवर निबंध छापून, शेकोटी उथळ करावी व धुराड्याचा गळा अरुंद करावा, म्हणजे धूर खोलींत न फिरतां वर खेंचला जातो, असें प्रयोगानें दाखविलें. साहेबानें तीच भिंतींतली शेकोटी सह्याद्रीवर आणली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८२७ ते १८३० या सालांत, महाबळेश्वराची वसाहत आकारास आली, आणि पुढें तेथल्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत धुराड्यासहित शेकोट्या बसल्या. मराठी माणसानें ही शेकोटी पाहिली ती बहुधा पाहुणा म्हणून. घरीं तिची गरज नव्हती.

दरम्यान अग्नि नळांतून येऊं लागला होता. विल्यम मर्डॉक यानें १७९२ सालीं कॉर्नवॉलमधील आपलें घर दगडी कोळशाच्या गॅसनें उजळलें. १८१२ सालीं लंडनांत गॅसची कंपनी निघाली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते ऑक्टोबर १८६५ मध्यें. आणि लालबागेंतल्या गॅस कंपनीच्या नांवाची गल्ली तेवढी मागें राहिली आहे. गॅसचा दिवा उजेडास चांगला. पण त्याच्या पिवळ्या ज्योतीवर भांडें ठेवावें तर तें काजळीनें माखे. १८५५ च्या सुमारास जर्मनींत बुन्सेनच्या प्रयोगशाळेंत जो बर्नर तयार झाला, त्यानें ही अडचण दूर केली. गॅस पेटण्याच्या आधींच त्यांत हवा मिसळावी, म्हणजे ज्योत निळी, कढत आणि काजळीरहित होते. आजची गॅसची शेगडी, स्नानगृहांतला गीझर व दिवाणखान्यांतली गॅसची शेकोटी हीं सर्व या एका बर्नरचींच लेंकरें. विलायतेंत त्याच्यावर भाजलेल्या मातीचे तुकडे रचून ते लाल करण्याची युक्ति निघाली, आणि राख उपसण्याची कटकट नको असलेल्या घरांत गॅसची शेकोटी शिरली.

तथापि त्या कोळशाच्या गॅसमध्यें कार्बन मोनॉक्साइड मुळांतच मिसळलेला असे. चावी नीट बंद झाली नाहीं किंवा ज्योत वाऱ्यानें विझली, तर न जळतांही तो गॅस मारक ठरे. आणि धुराड्याची उपेक्षा केली तर गॅसच काय, साधा कोळसाही कोणाची भीड धरीत नाहीं. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हा २९ सप्टेंबर १९०२ रोजीं पॅरिसमध्यें आपल्या शय्यागृहांत मरण पावला, तो शेकोटीचें धुराडें तुंबल्यामुळें. पत्नी त्याच खोलींत होती, ती वांचली. धुराडें आपोआप तुंबलें कीं कोणीं मुद्दाम तुंबविलें, हा वाद पुढें बराच चालला. धुराच्या दृष्टीनें दोहोंत कांहीं फरक नाहीं.

कोल्हापुरांत घरगुती गॅस आला तो नळांतून नव्हे, लोखंडी सिलिंडरांतून. बर्मा शेल कंपनीनें १९५५ सालीं मुंबईंत दाबानें पातळ केलेला गॅस घरोघर देण्यास आरंभ केला. १९६५ सालीं इंडियन ऑइलनें ‘इंडेन’ या नांवानें कलकत्त्यांत तोच उपक्रम सुरू केला. आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहरांतल्या मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघराचें रूपच पालटलें. बाई चुलीपुढून उठून ओट्यापुढें उभी राहिली. हें स्थित्यंतर लहान नव्हे. तिच्या डोळ्यांचें आणि छातीचें त्यानें जें भलें केलें, तें कित्येक सुधारकांच्या व्याख्यानांनींही झालें नव्हतें. परंतु त्याच घाईंत धुराडें बुजलें, कौलें जाऊन सिमेंटचें छत आलें, झरोक्यास कांच बसली. जो वास काढीत होता तो धूर गेला, आणि त्याबरोबर अग्नीची तक्रार कानावर घालणारा एकुलता एक नोकरही गेला.

त्या नोकराच्या जागीं माणसानें दुसरा नेमला, त्याचीही एक कहाणी आहे. अमेरिकेंत टेक्सस प्रांतीं न्यू लंडन गांवच्या शाळेनें पैसे वांचविण्यासाठीं तेलविहिरींतून निघणारा फुकाचा गॅस खोल्या तापविण्यास जोडून घेतला होता. त्या गॅसला वास नव्हता. तो शाळेच्या जमिनीखालीं झिरपत राहिला, आणि १८ मार्च १९३७ रोजीं, शाळा सुटण्यास थोडींच मिनिटें उरलीं असतां, एका ठिणगीनें सारी इमारत उडाली. सुमारें तीनशें जीव गेले. त्यांत बहुतेक मुलें. मुलांस विकली गेलेली ती काटकसर पाहून टेक्सस सरकारनें गॅसमध्यें मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचा कायदा केला, व ती चाल जगभर गेली. आपल्याकडच्या सिलिंडरांतला सडक्या कोबीसारखा वास हा गॅसचा नव्हे. तो मर्कॅप्टन नांवाच्या द्रव्याचा, पहाऱ्यासाठीं नेमलेला आहे.

पण हा पहारेकरी अर्धाच. गॅस न जळतां गळला तर तो ओरडतो. गॅस जळला, पण अपुऱ्या हवेंत जळला, तर मर्कॅप्टनही जळून जातें आणि कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा खोलींत उरतो. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत स्नानगृहांतल्या मृत्यूंच्या वार्ता येतात. लहानशी खोली, बंद खिडकी, आंतच टांगलेला गॅसचा गीझर. अंगणांत ठेवलेल्या बंबास जी अक्कल होती, ती या चकचकीत पेटीस भिंतीवर टांगणाऱ्यांनीं गहाण ठेवली. असा गीझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेंत असावा. नाहींतर त्याच्या डोक्यावरून धुराची नळी थेट बाहेर काढलेली असावी.

आतां डोंगरावर बांधलेल्या बंगल्यांत व अतिथिगृहांत हौसेनें गॅसची शेकोटी बसविण्याची चाल येऊं लागली आहे. ती बसविणें हें शेगडीची नळी जोडण्याइतकें सोपें काम नव्हे. सर्वांत निर्धोक प्रकार तो, ज्यांत पुढें कांच बंद असते आणि एकांत एक अशा दोन नळ्या भिंतीबाहेर जातात. बाहेरच्या नळीनें हवा आंत येते, आंतल्या नळीनें धूर बाहेर जातो, आणि खोलींतल्या हवेशीं अग्नीचा संबंधच राहत नाहीं. बाहेरचें तोंड खिडकीजवळ नसावें, नाहींतर हाकललेला पाहुणा खिडकींतून परत येतो. जुन्या महाबळेश्वरी धुराड्याखालीं गॅसचीं लांकडें मांडावयाचीं असतील, तर आधीं धुराडें साफ करून, पक्ष्यांचीं घरटीं काढून, त्यांतली झडप पुन्हां मिटणार नाहीं अशी उघडी जखडावी लागते. धुराड्यावांचून चालणाऱ्या शेकोट्याही विकत मिळतात. त्यांत प्राणवायू कमी होतांच गॅस तोडणारी कळ असते खरी. परंतु जळण्याचा सारा उच्छ्वास खोलींतच राहतो, तेव्हां निजण्याच्या खोलींत ती कदापि नसावी.

ज्योत विझली तरी गॅस वाहत राहूं नये, यासाठीं चांगल्या शेकोटींत एक सुंदर योजना असते. दोन भिन्न धातूंचा सांधा छोट्या ज्योतींत धरलेला असतो. तो तापला कीं त्यांत विजेचा अगदीं क्षीण प्रवाह उत्पन्न होतो व तेवढ्यानेंच गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, सांधा निवला, कीं झडप मिटते. सांध्यावर काजळी चढली म्हणजे शेकोटी वरचेवर विझूं लागते, आणि मग कांहीं कारागीर ही झडप बांधून टाकतात. असा कारागीर दारांतूनच परत पाठवावा.

गॅस कोणता, हाही प्रश्न लहान नाहीं. सिलिंडरांतला गॅस हवेहून दीडपट ते दुप्पट जड. तो गळला तर पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, म्हणून सिलिंडर तळघरांत किंवा खड्ड्यांत कधींही ठेवूं नये, आणि हवेची एक वाट जमिनीलगत असावी. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी गॅसवाहिनी २०१३ सालीं सुरू झाली, आणि कोल्हापूर जिल्ह्यांत नळाचा गॅस घरोघर देण्याचें काम हिंदुस्थान पेट्रोलियम व ऑइल इंडिया यांच्या संयुक्त कंपनीकडे आलें. हा नळाचा गॅस हवेहून हलका. तो छताकडे चढतो, त्यास वाट वरच हवी. त्याच मापांत त्याची उष्णताही कमी, म्हणून बर्नरचें छिद्र मोठें लागतें. सिलिंडरावर चालणारी शेकोटी किंवा शेगडी तशीच नळास जोडणें, किंवा उलट करणें, हें छिद्र बदलल्यावांचून करूं नये. जुन्या धुराड्याची जागा नेमकी तीच, जेथें हा हलका गॅस जाऊं पाहतो. फळी ठोकणाऱ्यांस हें ठाऊक असतें तर बरें झालें असतें.

वर्षांतून एकदां, थंडी पडण्याच्या आधीं, जाणत्या कारागिराकडून सारें उघडून पाहावें. पावसाळ्यांत बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळीं विणतात, धूळ बसते, कांचेभोंवतींची पट्टी झिजते. शोभेची लांकडें पुसण्यासाठीं हलविलीं असतील तर तीं नेमक्या मूळच्या जागीं हवींत, कारण ज्योत त्यांस जशी लागावी तशी न लागली कीं काजळी धरते. शेगडीची निळी ज्योत पिवळी पडली तर हवा कमी पडत आहे. गुऱ्हाळावरचा गडी जें धुरांत वाचतो, तें येथें ज्योतींत वाचावें. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. सांधे तपासावयाचे ते साबणाच्या फेंसानें, आगकाडीनें कधींही नव्हे. गॅसचा वास आला तर विजेचें बटन लावूंही नये व बंदही करूं नये; रेग्युलेटर मिटावा, दारें उघडावीं, माणसें बाहेर काढावीं आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावें. कोल्हापूरकरांस हा आंकडा लक्षांत ठेवणें जड जाऊं नये. शाहू मिलची स्थापना त्याच सालची. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजविणारें यंत्र आतां मिळतें. तें निजण्याच्या खोलीजवळ असावें. हॉल्डेनचा पक्षीच तो, फक्त दाणापाणी मागत नाहीं.

एक परीक्षा मात्र घरच्या माणसासही करतां येते. सांधे फेंसानें तपासून झाले, गळती नाहीं अशी खात्री पटली, म्हणजे धुराड्यावर चालणारी उघडी शेकोटी पेटवावी, खोलीचीं दारें-खिडक्या लावून घ्यावीं, स्वयंपाकघरांतला हवा खेंचणारा पंखा सुरू करावा, आणि पांच-दहा मिनिटांनीं देवघरांतली एक उदबत्ती शिलगावून शेकोटीच्या वरच्या ओठाशीं धरावी. तिचा धूर आंत ओढला जाऊन वर गेला तर वाट मोकळी आहे. तो खोलींत परतूं लागला, तर शेकोटी तेथल्या तेथें विझवावी, खिडक्या उघडाव्या, आणि धुराड्यांत काय अडलें आहे तें पाहावयास शिडी मागवावी.